घरांतील चित्रपट व स्पीकरांचा मेळ



मनुष्याचे डोळे समोरचेंच पाहतात; कान मात्र चोहोंकडचें ऐकतात. पाठीमागून येणारी मोटार कोणत्या बाजूस आहे हें आपण मान न वळवितांही सांगतों. उजवीकडील आवाज उजव्या कानास किंचित् आधीं व किंचित् मोठा ऐकूं येतो. हा काळाचा फरक सेकंदाच्या १००० व्या भागाहूनही कमी असतो, तरी तेवढ्यावरून मेंदू दिशा ताडतो. कानांच्या ह्याच शक्तीचा आधार घेऊन ॲलन ब्लमलाइन ह्या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं द्विमार्गी ध्वनिमुद्रणाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आज कित्येक घरांत ५ स्पीकर व १ सबवूफर अशी जी मांडणी आढळते, ती त्याच विचाराची वाढ होय.

गेल्या नाताळच्या सुटींत एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला घरीं बोलाविलें. त्यांनीं असा संच मोठ्या हौसेनें घेतला होता, परंतु घरांतील वृद्ध आजी मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यांत ढग गडगडलेले ऐकूं येतात, पण माणसें काय बोलतात तें कांहीं कळत नाहीं." सर्व संच बदलावा व त्यासाठीं कर्ज काढावें, अशा विचारांत वडील होते. त्या तक्रारीचें कारण शोधतांना जे नियम उपयोगी पडले, ते येथें सांगतों.

पहिला नियम स्वरजातीचा. चित्रपटांतील संभाषण बहुतेक मधल्या स्पीकरांतून येतें. पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलें, म्हणजे त्याचा आवाज समोरच्या तिन्ही स्पीकरांतून क्रमानें सरकतो. हे तिघे भिन्न घडणीचे असतील, तर चालतां चालतां माणूसच बदलला असा भास होतो. उपासनेंतील गायकवृंदांत एकाच ओळींत उभे राहणारे कंठ जुळवून निवडतात, तसेच समोरचे तीन स्पीकर शक्य तों एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेंतील घ्यावे. मागचे दोन लहान असले तरी चालतात.

दुसरा नियम शक्तीचा. १ वॅट वीज दिली असतां १ मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, हें स्पीकरच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. ८५ डेसिबलच्या स्पीकरास ८८ च्या बरोबरीनें बोलतें करावयाचें तर दुप्पट वीज लागते. तसेंच ओहमचा आंकडाही पाहावा. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरापेक्षां अधिक विद्युत्प्रवाह ओढतो. तो आपल्या ॲम्प्लिफायरला झेपेल कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वींच विचारावें.

तिसरा नियम खर्जाचा. साधारणतः ८० हर्ट्झच्या खालचे स्वर सबवूफरकडे सोंपवितात. त्यांची लहर ४ मीटरांहून लांब असल्यामुळें ते कोठून येतात हें कानास उमगत नाहीं. म्हणून एका सबवूफरनें भागतें. मात्र तो खोलीच्या कोपऱ्यांत ठेविला असतां खर्ज फुगतो व बोलणें झांकून टाकतो.

चौथा नियम स्थानाचा. ऐकणाऱ्याच्या समोरील मध्यरेषेपासून पुढचे दोन स्पीकर ३० अंशांवर, व बाजूचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित् मागें असावे. पुढच्या स्पीकरांतील उंच स्वर काढणारा लहान भाग कानाच्या उंचीस यावा. २० अंश सेल्सिअस तापमानांत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर धांवतो. अर्थात् १ मीटरच्या फरकानें सेकंदाच्या सुमारें ३ सहस्रांशांचा उशीर होतो. म्हणून प्रत्येक अंतर टेपनें मोजून यंत्रांत भरावें.

आतां त्या घराकडे वळूं. तेथें मधला स्पीकर भिन्न घडणीचा होता, व तोही कपाटाच्या खालच्या फळीवर, फुलदाण्यांच्या मागें, श्रोत्यांच्या गुडघ्यांकडे तोंड करून बसविलेला. सबवूफर कोपऱ्यांत होता. आम्हीं फुलदाण्या काढल्या, स्पीकर फळीच्या कडेस ओढला आणि त्याच्या पुढच्या बाजूखालीं लांकडाची चीप सारून त्याचें तोंड वर केलें. सबवूफर कोपऱ्यांतून हलविला, उघड्या फरशीवर जाड सतरंजी अंथरली, अंतरें मोजून भरलीं, व मधल्या स्पीकरचा आवाज ३ डेसिबल वाढविला. ह्यास एक तास लागला; पैसा एकही लागला नाहीं. पुढें सवडीनें जुळता मधला स्पीकर घ्यावा, एवढेंच मीं सुचविलें.

पालकांस एक विनंती. दुकानांत स्फोट व गडगडाट ऐकून भुलूं नये. परिचित माणसाच्या वाचनाचें ध्वनिमुद्रण सोबत न्यावें. मनुष्याचा कंठ आपण जन्मापासून ऐकत आलों आहों. त्यांतील खोट तत्काळ ध्यानांत येते.

आणि मुलांनो, आवाज चढविण्यांत पुरुषार्थ नाहीं. ८५ डेसिबल आवाज दिवसाकांठीं ८ तासांपलीकडे ऐकूं नये, असें कामगारांच्या श्रवणरक्षणासाठीं सांगतात. पुढें दर ३ डेसिबलांस हा काळ निम्मा होतो. अंतःकर्णांतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां मेल्या म्हणजे मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. शिवाय भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, ह्याचेंही स्मरण ठेवावें.

त्या सायंकाळीं आजी चित्रपट संपेपर्यंत बसल्या होत्या. मध्यें एकदां त्यांनीं नातवास आवाज थोडा कमी करावयास सांगितलें, आणि तरीही त्यांस सर्व बोलणें कळत होतें.