माळवदाचे घर

ज्या मुलखात जे पिकते, त्याचेच घर होते. नॉर्वे, रशिया, कॅनडा हे थंडीचे देश. तिकडे पाइनची झाडे सरळ आणि उंच वाढतात. म्हणून तिथले लोक अख्खे ओंडके आडवे ठेवून एकावर एक रचतात. कोपऱ्यावर ओंडक्याला खाच पाडतात. एकाची खाच दुसऱ्यावर घट्ट बसते. भिंतच लाकडाची! रशियात किझी नावाचे बेट आहे. तिथे 1714 साली बांधलेले असे एक लाकडी प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात एवढे लाकूड कुठले? आपल्याकडे बाभूळ आणि लिंब. खोड आखूड, कधी वाकडे. सागवान विकत आणावे लागते. दगडमाती मात्र पाहिजे तेवढी. म्हणून आपल्या वाडवडिलांनी वेगळी युक्ती काढली. लाकडाचा सांगाडा, दगडाची भिंत आणि मातीचे छत. यालाच आपण माळवद म्हणतो.

माळवद कसे उभे राहते ते पाहू. आधी दगडी जोते. जोत्यावर तळखडे. तळखड्यावर लाकडी खांब. दगडावर उभा असल्यामुळे खांबाला जमिनीची ओल लागत नाही. खांबाच्या डोक्यावर तुळई बसते. सुतार खांबाच्या टोकाला जीभ काढतो आणि तुळईला भोक पाडतो. जीभ भोकात ठोकून बसवली की सांधा झाला. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर पांढरी माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. म्हणून तर आपण विचारतो, "घर किती खणांचे?"

मातीचे छत का? तर आपला उन्हाळा कडक. बाहेर अंगाची लाही होते, पण जाड मातीखाली घर गार राहते. हा गुण खरा आहे. पण याच मातीत एक दोष दडलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडी गळती थांबावी म्हणून आपण वर नवी माती टाकतो. जुनी माती कोण काढतो? थरावर थर चढतो. बापाने टाकली, लेकाने टाकली. होता होता थर दीड-दोन फुटांचा होतो.

आता थोडा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एक खण. मातीचा थर दीड फूट. 10 गुणिले 10 गुणिले दीड, म्हणजे 150 घनफूट माती. एका घनफुटाचे वजन सुमारे 45 किलो. 150 गुणिले 45, म्हणजे 6,750 किलो! सहा-सात गाड्या भरतील एवढी माती आपल्या डोक्यावर, आणि तिच्याखाली आपली लेकरे झोपतात.

हे वजन काय करते, ते 30 सप्टेंबर 1993 ला कळले. गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत हाहाकार उडाला. सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली. पुढे सुमारे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसे का गेली? भिंती दोन-तीन फूट जाड, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून एक पदर, मधे गोटे आणि मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा लांब दगड नाही. धक्का बसताच पदर सुटले आणि दगड अंगावर आले. वरून मातीचा ढीग कोसळला.

पण तज्ज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. काही घरांच्या भिंती ढासळल्या, तरी खांब आणि तुळया जागेवर उभ्या होत्या. ज्यांचे लाकूड निरोगी आणि सांधे पक्के, त्यांचे छत लाकडाने तोलून धरले. लाकूड हलते, वाकते, पण चटकन तुटत नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की माळवदाला सरसकट नावे ठेवू नका. पण त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका.

तुमचे घर माळवदाचे असेल, तर एवढे करा.

1. प्रत्येक खांबाचा बुडखा आणि तुळईचे टोक ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, भुसा गळाला, तर वाळवी लागली असे समजा. सुताराला बोलवा.

2. खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे लाकडाचा तिरका टेकू पक्का बसवून घ्या. त्याने खांब कलत नाही.

3. नवी माती टाकण्याआधी जुनी काढा. थर अर्ध्या-पाऊण फुटाच्या वर जाऊ देऊ नका. एकाच बाजूची सगळी माती एकदम काढू नका. चारी बाजूंनी थोडी थोडी काढा, आणि जाणता मिस्त्री हाताशी ठेवा.

4. भिंतीला पोट आले असेल, तर तिच्याजवळ झोपू नका. ती उतरवून पुन्हा बांधा. बांधताना दोन्ही पदरांना धरणारे लांब दगड मधून मधून आरपार घाला.

नवे घर बांधणार असाल, तर आधी इंजिनियरचा सल्ला घ्या. दाराखिडक्यांच्या वरून चारी भिंतींना एकच सलग पट्टा घालायला सांगा. पेटीला पट्टी मारतात, तसा तो सगळे घर बांधून ठेवतो.

भूकंप सांगून येत नाही. पण माळवदावरची माती आपणच टाकलेली असते. ती आपल्याला कमी करता येते.

सांगा पाहू :
1. खांब तळखड्यावर का उभा करतात?
2. तुमच्या घरावर किती फूट माती आहे? एका खणाचे वजन काढा.
3. अर्धा फूट माती ठेवली, तर दहा फुटी खणावरचे किती किलो ओझे कमी होईल?