टाळेबंदीतील अध्यापन आणि अभ्यासाची प्रेरणा

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर होऊ शकला नाही. २०२१ मध्ये तर दहावीची संपूर्ण परीक्षा रद्द करून नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल लावण्यात आला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. विद्यार्थी उत्तीर्ण झाले. परंतु ते शिकत होते काय, आणि शिकत असल्यास कशाच्या बळावर, याचे उत्तर त्या आकड्यात सापडत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा शिक्षणप्रसाराबरोबर वसतिगृहांची सोय हेही तिचे एक प्रमुख कार्य ठरले. शाळेचे दार उघडून भागत नाही. मुलाला दिवा, जेवण, पुस्तके, शांत जागा आणि बरोबरीचे सोबती लागतात, ही त्यामागील दृष्टी होती. आपली निवासी शाळा याच परंपरेतील आहे. टाळेबंदीने नेमकी हीच व्यवस्था मोडली. एका पंगतीत जेवणारी आणि एका अभ्यासिकेत बसणारी मुले आपापल्या वाडीत, तांड्यावर, शहरातील एका खोलीच्या घरात परतली. घराघरांतील जो फरक वसतिगृहाने पुसला होता, तो पुन्हा उघडा पडला.

‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत दाखल असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. परंतु घरातील फोन म्हणजे मुलाच्या हातातील फोन नव्हे. तो दिवसभर वडिलांच्या खिशात कामावर असे. रात्री घरी आला, तर भावंडांत वाटला जाई. आणि रिचार्ज संपला की शाळाही संपे.

अशा स्थितीत ‘मुलांना अभ्यासाची आवडच उरली नाही’ असा निष्कर्ष सर्रास काढला गेला. आम्हांस तो मान्य नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा निंदणीला, कापूस वेचणीला जात होता. मुलीच्या हाती स्वयंपाक व धाकटी भावंडे आली होती आणि तिच्या लग्नाचा विषयही घरात निघू लागला होता. अशा मुलांना दूरध्वनीवरून उपदेश करून प्रेरणा देता येत नाही. आमच्या अनुभवानुसार ती तीन गोष्टींवर टिकते : हाती घेतलेले काम आपले वाटणे, ते आपल्याला जमेल हा विश्वास, आणि कोणीतरी ते वाचण्यासाठी थांबले आहे ही जाणीव.

म्हणून आम्ही थेट चित्रफितीच्या तासांवर विसंबलो नाही. पाच-सात मिनिटांचा ध्वनिसंदेश आणि त्यासोबत एकच काम, अशी पद्धत ठेवली. ज्याच्याकडे फोन नाही, त्याला जवळच्या सोबत्याने ते काम वहीत उतरवून द्यावयाचे. प्रत्येक वहीला शिक्षकाचे दोन ओळींचे का होईना, उत्तर जाईल, हा नियम आम्ही पाळला.

दहावीच्या इतिहासात ‘उपयोजित इतिहास’ हा पाठ आहे. त्यासाठी घरातील वृद्ध हेच साधन मानले. १९७२ चा दुष्काळ, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या, जलसे यांविषयी मुलांनी आजी-आजोबांना प्रश्न विचारून नोंदी केल्या. कोणी स्वतः पाहिलेले सांगितले आणि कोणी ऐकीव, हे वेगळे लिहावयाचे होते. साधनचिकित्सेचा पाठ असा घरातच झाला.

राज्यात मार्च २०२० मध्ये साथरोग अधिनियम लागू झाला. तो १८९७ चा, प्लेगच्या काळातील. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन निधन पावल्या. हे शिकविल्यावर आम्ही विचारले, आज रुग्णाच्या जवळ कोण जाते? मुलांनी आशाताईंविषयी लिहिले, सफाई कामगारांविषयी लिहिले. काहींनी तर आपल्याच आई-वडिलांविषयी लिहिले.

अफवांचे पीक आले होते, तेव्हा कालाम सुत्ताचा आधार घेतला. केवळ ऐकले, परंपरेने आले किंवा आदरणीय व्यक्तीने सांगितले, म्हणून मानू नये, ही तथागतांची शिकवण मोबाइलवर आलेल्या संदेशांना लावून पाहावयास सांगितले : हे कोणी म्हटले, केव्हा, कशाच्या आधारे?

गणितासाठी शिधापत्रिका घेतली. प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते. एप्रिल २०२० पासून माणशी आणखी पाच किलो मोफत देण्यात येऊ लागले. म्हणजे सात जणांच्या कुटुंबास तेव्हा महिन्याला ३५ अधिक ३५, एकूण ७० किलो. मुलांनी आपल्या घराचा हिशेब मांडला, मग शेजाऱ्यांचा. ज्या घराला त्याचा हक्क एका नववीच्या मुलीने कागदावर मांडून दाखविला, त्या घरात तिच्या शिक्षणाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तरीही अध्यापनाच्या कोणत्याही पद्धतीने वसतिगृहाची जागा भरून निघत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील शाळा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, तेव्हा हजेरीपटावरील काही नावांना उत्तर आले नाही. कोणी मजुरीस लागले होते, कोणा मुलीचे लग्न झाले होते. समाजाच्या दृष्टीने ही हानी निकालाच्या टक्केवारीत कोठेही नोंदली गेलेली नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, देणगीबरोबर त्यांनी थोडा वेळही द्यावा. सुट्टीत घरी गेलेल्या एका विद्यार्थ्याशी महिन्यातून एकदा बोलावे, त्याची वही मागवून वाचावी आणि दोन ओळी उत्तर लिहावे. पालकांनी दहावीपर्यंत मुलीच्या लग्नाचा विषय घरात काढू नये आणि संध्याकाळचा एक तास तिच्या अभ्यासासाठी मोकळा ठेवावा. त्या काळातील मुलांच्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवाव्यात, असेही आम्हांस वाटते. महामारीच्या वर्षांत आपल्या वस्त्यांनी काय सोसले, याचे ते अस्सल साधन आहे, आणि ते आपल्या मुलांनीच लिहिलेले आहे.