‘ब्लोआउट कोम’ ऐकवता ऐकवता

पंचवीसेक वर्षं मी एकच अल्बम भेटेल त्याला ऐकवत आलोय. ब्रुकलिनच्या डिगेबल प्लॅनेट्स या तिघांच्या रॅप ग्रुपचा ‘ब्लोआउट कोम’, ऑक्टोबर १९९४चा. न्यू जर्सीत नवा होतो तेव्हा जुन्या सीड्यांच्या खोक्यात तो मला सापडला. तेव्हापासून मी तो लोकांना ऐकवतो आणि त्यांना काय वाटलं ते विचारतो. त्या मतांनी मला हा अल्बम शिकवला, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१. पहिलं गाजलेलं गाणं ऐकणाऱ्याच्या कानातून आधी बाहेर काढावं लागतं.

त्यांच्या १९९३च्या पहिल्या अल्बममधलं ‘रीबर्थ ऑफ स्लिक’ सगळ्यांना माहीत होतं. आर्ट ब्लेकीच्या रेकॉर्डवरून उचललेला ब्रास, खाली चालणारा बास, तीन निवांत आवाज. १९९४ साली त्याला ग्रॅमी मिळालं. माझ्या रूममेटने ‘ब्लोआउट कोम’ची चार गाणी ऐकली आणि विचारलं, “ते गाणं यात कुठाय?” ते यात नाही, आणि तसं दुसरंही नाही. इथे सात-सात मिनिटं एकच ठेका घोळत राहतो, ‘ब्लॅक इगो’ हे गाणं तर घाई म्हणून करतच नाही. दुसरा अल्बम पहिल्यासारखा खपला नाही, त्याचं मोठं कारण मला रूममेटच्या त्या एका प्रश्नात दिसतं. आता मी ऐकवण्याआधी एवढंच सांगतो, की ही माणसं तीच आहेत, पण बेत वेगळा आहे.

२. तक्रार करणाऱ्याला गप्प करू नये.

माझी आत्या पुण्यात गाणं शिकवायची. ती आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा स्वयंपाकघरात हा अल्बम चालू होता. ती मेथी निवडत होती. दोन गाणी झाल्यावर म्हणाली, “अरे, ही माणसं वाद्यांच्या मागून का बोलतायत? गाणारा लांब बसलाय आणि साथीदार पुढे आलेत असं वाटतंय.” मी समजावू लागलो, की रॅप आहे, इंग्रजी आहे, तुला शब्द कळत नाहीत. तिने हातानेच थांबवलं. “शब्दांचं नाही म्हणत. आवाज कुठे ठेवलाय ते म्हणतेय.”

त्या रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या काळच्या बहुतेक रॅपमध्ये आवाज सगळ्यांच्या पुढे, छातीवर आल्यासारखा असतो. इथे तो बास आणि ड्रमच्या पातळीला, कधी त्याहूनही खाली बसवलाय. ओळी पकडायच्या तर पुढे झुकावं लागतं. इतकी वर्षं मला हे मिक्सिंगचं वैगुण्य वाटत होतं आणि त्याबद्दल मी लोकांची माफी मागत होतो. आत्याने ते वैशिष्ट्य म्हणून ऐकलं. सकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, “मग पुन्हा लाव, आता मी आवाजाकडे वाद्य म्हणून ऐकते.” तेव्हापासून मीही तसंच ऐकतो.

३. सीडीची पुस्तिका हातात द्यावी.

‘ब्लोआउट कोम’ म्हणजे आफ्रो केस फुलवायचा लांब दातांचा कंगवा. मला हा अर्थ ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून कळला. ते कृष्णवर्णीय, जन्माने ब्रुकलिनचे. सीडी त्यांना दिली तर त्यांनी आधी पुस्तिका उलगडली. तिची मांडणी ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्रासारखी आहे. चष्मा वर करून ते रकाने बोटाने वाचत गेले आणि म्हणाले, की सत्तरच्या दशकात असा कंगवा मागच्या खिशात असायचा, मुठीचं चिन्ह असलेला, आणि तो नुसता केसांसाठी नसायचा. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं. त्यांचं मत त्याआधीच झालं होतं, आणि माझंही थोडं बदललं होतं.

४. “मवाळ आहे” या मताशी भांडायला हरकत नाही.

हा अल्बम आला त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॅसचा ‘इल्मॅटिक’ आला, सप्टेंबरमध्ये बिगीचा ‘रेडी टू डाय’. त्या गर्दीत हे तिघं लोकांना मऊ वाटले. पण बोलण्याचा सूर मऊ असला म्हणजे म्हणणं मऊ होत नाही. पहिल्याच गाण्याच्या नावात ४ मेच्या चळवळीचा उल्लेख आहे. चीनमधले विद्यार्थी १९१९ साली त्याच तारखेला रस्त्यावर उतरले होते.

५. मेकाबद्दलचं मत मुलींना विचारावं.

तिघांत बटरफ्लाय म्हणजे इश्माएल बटलर, डूडलबग म्हणजे क्रेग अर्व्हिंग आणि लेडीबग मेका म्हणजे मारियाना व्हिएरा. मी ज्या पुरुषांना अल्बम ऐकवला ते तिच्याबद्दल एकच बोलायचे: आवाज गोड आहे. ठाण्याच्या माझ्या भाचीने मात्र वेगळं सांगितलं: “मामा, ही पाहुणी नाहीये. बाकीच्या ग्रुपमध्ये मुलगी कोरससाठी येते आणि जाते. हिला पूर्ण कडवं मिळतं आणि ती दोघांइतकाच वेळ घेते.” गोडव्यापुढे मला तोपर्यंत हे दिसलंच नव्हतं.

६. जमलं तर ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीनला चालत ऐकावा.

‘बरो चेक’मध्ये गँग स्टार ग्रुपमधला रॅपर गुरू येतो आणि रॉय एअर्सच्या ब्रुकलिनवरच्या जुन्या गाण्याचा तुकडा घुमतो. फुल्टन स्ट्रीटवरून पार्ककडे जाताना तो ऐकला तर मोहल्ल्याची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. आता तिथली भाडी परवडत नाहीत म्हणून बरेच जुने रहिवासी निघून गेलेत. माझे ते सहकारीही गेले. अल्बममध्ये मात्र तो मोहल्ला नांदता आहे, आणि मला तो तिथे जपलेला आवडतो.

७. उशिरा आलेलं कौतुक खुल्या मनाने घ्यावं.

अल्बमनंतर लवकरच तिघं वेगळे झाले. २०१३ साली तो विनाइलवर पुन्हा निघाला आणि मंडळी म्हणू लागली, की पहिल्यापेक्षा हाच सरस. मलाही तसंच वाटतं. बटलरने पुढे शबाझ पॅलेसेस हा ग्रुप सुरू केला, २०११ साली ‘ब्लॅक अप’ काढला. तो पहिल्यांदा ऐकताना मी आत्याच्या कानाने आधी आवाज शोधला. वाद्यांच्या आत, खोल बसलेला. भाचीला मागच्या आठवड्यात पाठवलाय. तिचं मत अजून यायचंय.