खडकीकराने वसई कशी पाहावी

१. आधी खडकीचा धागा हातात घ्यावा. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला तो वसईत. त्या तहाचा फास पुढे आवळत गेला आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर तोफा डागल्या गेल्या. आमची छावणी त्यानंतरची. ज्या वसईत बाजीरावाने सही केली, ती त्याचे चुलत आजोबा चिमाजीअप्पा यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकली होती. एवढं डोक्यात असलं की तिथले दगड परके वाटत नाहीत.

२. सिंहगडाची सवय घरी ठेवावी. इथे चढ नाही. हे तटबंदी घातलेलं शहर आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ते इथे नांदले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा प्रत्येक संघाचं स्वतःचं चर्च आणि मठ. छपरं गेली, भिंती उभ्या आहेत. बहुतेक लोक कमानींखाली फोटो काढून निघतात. मी म्हणेन, फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये मान खाली घालून चालावं. जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. भाषा येत नसली तरी नावं आणि साल लागतं, आणि कोरणाऱ्याचा हात कुठे बसलेला होता, कुठे घाई झाली, तेही कळतं. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग सगळ्यात शाबूत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुच्या दर्शनी भागासाठी काळा दगड इथूनच गेला. पाथरवटांचं काम पाहायचं तर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावं, दुपारी सगळं सपाट दिसतं.

३. या शहराचा आवाज किल्ल्यात शोधू नये, तो देवळांत आहे. विजयानंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवाला वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा प्रसिद्ध आहेच. आपल्याला जवळ म्हणजे भीमाशंकर आणि वाईजवळचं मेणवली. माझी सगळी नोकरी दारूगोळा कारखान्यात गेली, त्यामुळे ओतीव धातू दिसला की मी आधी त्याच्या कडा पाहतो. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे आणि मेरीमातेची मूर्तीसुद्धा उठावात आहे. साचा किती नेटका केला असेल! शंभूच्या दारात मेरीमातेची घंटा वाजते आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही, हे मला इतिहासाच्या पुस्तकांहून मोठं वाटतं.

४. बागा पाहायच्या तर तटाबाहेर पडावं. इथे बाग म्हणत नाहीत, वाडी म्हणतात. केळी, पानवेली, फुलं, भाजी. वाडीला पाणी बावखलाचं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं मोठं तळं, पूर्वी त्यावर रहाट चालत. अननस आणि काजू ही अमेरिकेतली झाडं पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली, पण वसईचा मान केळ्याचा. राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात सुकवतात, त्यांची सुकेळी होतात. आगाशीची सुकेळी घ्यावीत. रंगाने काळपट, चवीला गूळ विसरायला लावणारी. उन्हाचा अंदाज चुकला की सगळा माल बिघडतो, म्हणून मी हिला कारागिरीच म्हणतो. बावखलं बुजवून इमारती उठू लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. हेच फादर २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. बावखल दाखवा म्हटलं की वाडीवाले खुलतात. आधी विचारावं मात्र, कुणाच्याही वाडीत सरळ शिरू नये.

५. पडकी चर्चेस पाहून झाली की नांदती पाहावीत. रविवारी मिस्सा मराठीत असते. मागच्या बाकावर शांत बसावं, मोबाइल खिशात. बाहेर पडताना म्हाताऱ्या बायका कादोडी या इथल्या बोलीत बोलताना कानावर पडतात. लाल लुगडं नेसलेली एखादी आजी दिसलीच तर विणीकडे लक्ष द्यावं, फोटोसाठी गळ घालू नये. जवळच्या निर्मळला चर्च आणि शंकराचार्यांचं समाधिमंदिर दोन्ही आहे. कार्तिकातल्या यात्रेला तिथे सगळे असतात. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. खडकीच्या सेंट इग्नेशियस चर्चमध्ये जाणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

६. दादरला उतरून विरार लोकल, मग वसई रोडहून बस किंवा रिक्षा. पाणी, टोपी, जुने बूट. पावसात किल्ला हिरवागार असतो, पण गवतात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

७. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरी करावी. वसई मिळावी म्हणून चिमाजीअप्पांनी देवीला नवस बोलला होता, त्यातून हे देऊळ उभं राहिलं. बाहेरून ते देवळापेक्षा किल्ल्यासारखंच दिसतं. जवळ गरम पाण्याची कुंडं आहेत. चालून दुखलेल्या गुडघ्यांना त्यांचा उपयोग होतो.