न संपणारे पान

सन २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट आपल्या देशात एकाएकी स्वस्त झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आता शालान्त परीक्षेच्या वयात आली आहेत. हे यंत्र नसलेले घर त्यांना आठवतच नाही. म्हणून ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या वाक्याने त्यांस काहीच बोध होत नाही.

मुलांस बोल लावण्यापूर्वी या यंत्राची घडण समजून घेणे इष्ट होय. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पोथीचा अध्याय संपतो. इन्स्टाग्रामला मात्र शेवट नाही. बोट सरकवावे तो पुढचे चित्र हजर! ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली योजिली आणि पुढे तिच्याबद्दल त्यानेच जाहीर खेद व्यक्त केला. या कंपन्यांची प्राप्ती जाहिरातींवर चालते. मूल जितका वेळ खिळून राहील तितकी ती अधिक.

फेसबुकने २००९ साली ‘लाइक’चे बटण आणिले. स्नेहसंमेलनातील गाण्याच्या टाळ्या पूर्वी सभागृहातच विरून जात, त्या कोणी मोजीत नसे. आता त्यांचा आकडा लागतो आणि मैत्रिणीचा आकडाही शेजारीच दिसतो. शिवाय तो केव्हा वाढेल याचा नेम नसतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, दाणा ठरावीक टोचींनंतर न मिळता अनिश्चितपणे मिळू लागला म्हणजे पक्षी अधिक चिकाटीने टोचीत राहतो. रात्री अंथरुणात दहा वेळा फोन उघडणाऱ्या मुलीस हट्टी म्हणण्याआधी हे कबूतर आठवावे.

आणि फोन मुलांच्या हाती दिला कोणी? २०२० च्या मार्चात टाळेबंदी झाली, शाळा फोनवर भरू लागल्या, तेव्हा आपणच तो त्यांच्यापुढे ठेविला. शाळा उघडल्या, फोन काही परत आला नाही. त्याच फोनवर बडोदे-इंदूरकडची नातवंडे पुण्याच्या आजीशी मराठीत बोलतात, हेही विसरून चालणार नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस अशा माध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. आपल्याकडील २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. पण पालक स्वतः काय करितात? मुंजीचे, वाढदिवसाचे, तापाने फणफणलेल्या बाळाचेसुद्धा फोटो मुलास न विचारता शंभर जणांच्या गटात धाडतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास याची लाज वाटते, आणि ती बोलून दाखविली तर ‘त्यात काय झाले?’ असे उत्तर मिळते. फोटो धाडण्यापूर्वी त्यास एकदा विचारून पाहावे. तो ‘नको’ म्हणाला, तर खरोखरच धाडू नये.