शाळेची परसबाग आणि वैशाखातील पाणी

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट हे पैनगंगेच्या काठचे गाव. पावसाळ्यात नदीला पाणी असते. परंतु चैत्र-वैशाखात जिल्ह्यातील पुष्कळ गावांत पिण्याच्या पाण्याचीच चणचण भासते. अशा गावी शाळेच्या आवारात फळझाडे व भाजीपाला लावावयाचा, तर प्रथम विचार उन्हाळी सुट्टीचा केला पाहिजे. आषाढात हौसेने लावलेली रोपे वैशाखात करपून गेली, म्हणजे पुढील वर्षी मुले कुदळीस हात लावावयास राजी होत नाहीत.

विदर्भास हे काम नवे नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला व सेवाग्रामच्या शाळेत शेतकाम हे शिक्षणाचेच अंग झाले. २०१९ साली केंद्र शासनानेही शाळांतील पोषण-परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

परसबागेकडून अपेक्षा मात्र बेताची धरावी. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे दररोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे शंभर मुलांस रोज ५ किलो. एक गुंठा पालक चांगला साधला, तरी सर्व कापण्या मिळून सुमारे १०० किलो भाजी निघेल. ती वीस दिवसांची बेगमी झाली. तेव्हा बाग सर्व भाजी पुरवील असे पालकांस सांगू नये. आठवड्यातून एक-दोन वेळा ताजी पालेभाजी ताटात पडली, तरी काम सार्थकी लागले.

पाण्याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. जेवणानंतर हात व ताटे विसळण्यास मुलामागे एक लिटर धरल्यास शंभर मुलांचे १०० लिटर होते. हिवाळ्यात तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यास दररोज साधारण १५ लिटर पाणी लागते. म्हणजे सहा वाफे निघतात. हे पाणी खडी व वाळूच्या थरातून गाळून सरीने द्यावे, पानांवर शिंपडू नये. साबणाचे पाणी वेगळे काढून केळीच्या आळ्यात जिरवावे.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर भेंडी, गवार व दोडका टोकावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी, पालक व मुळा पेरल्यास मेथी-पालकाची पहिली कापणी महिन्याभरात मिळते. फेब्रुवारीनंतर नवा वाफा घालू नये.

फळझाडे थोडीच, पण काटक निवडावीत: सीताफळ, शेवगा व एखादे कागदी लिंबू. पपईच्या मोहात पडू नये. ती पाण्यावाचून तग धरीत नाही. प्रत्येक झाडाजवळ तळाशी बारीक छिद्र पाडून कापडाची वात बसविलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. सुट्टीत मडके भरण्याचे काम शाळेलगत राहणाऱ्या मुलांकडे, झाडागणिक नावे नेमून, सुट्टी लागण्यापूर्वीच सोपवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्यात दोनदा तरी स्वतः फेरी मारावी. शाळा उघडताच जगलेली झाडे मोजून नांगे भरावेत.