गव्हाणी घुबडाच्या पिलांची वाढ

देहूरोडच्या आसपास कारखाने व वसाहती पुष्कळ वाढल्या, तरी मावळाच्या बाजूस भाताची व उसाची शेते अद्याप आहेत. आणि शेत तेथे उंदीर हे ठरलेलेच. रात्री उंदरांची शिकार करणाऱ्या पक्ष्यांत गव्हाणी घुबडाची योग्यता मोठी आहे. जुन्या घराचा माळा, पडके कोठार किंवा झाडाची ढोली येथे ते अंडी घालते. त्याची पिले कोणी अशुभ म्हणून मारतो, कोणी दयेने घरी नेतो. दोहोंतही नुकसान शेतकऱ्याचेच होते. याकरिता पिलांच्या वाढीचा क्रम येथे देत आहो.

मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने साधारणतः ४ ते ७ अंडी घालते व पहिल्या अंड्यापासूनच उबविण्यास बसते. प्रत्येक अंड्यास सुमारे ३० ते ३४ दिवस लागतात. यामुळे पिले मागेपुढे जन्मतात, आणि थोरल्या व धाकट्या पिलांत पंधरवड्याचेही अंतर पडू शकते. उंदीर मुबलक असल्यास बहुतेक सर्व जगतात; टंचाई पडल्यास धाकटी प्रथम मरतात.

जन्मतः पिलू आंधळे असून अंगावर विरळ पांढरी लव असते. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोळे उघडतात व दाट लव येऊ लागते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते लहान उंदीर सबंध गिळू लागते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याचे वजन प्रौढ पक्ष्याहूनही अधिक भरते. पुढे पिसे पुरी होताना ते उतरते. हा रोग नव्हे, उड्डाणाची तयारी होय. आठव्या आठवड्याच्या सुमारास पिलू उडू लागते. तथापि त्यानंतरही काही दिवस आईबाप त्यास भरवितात.

माळ्यावरून रात्री सापासारखा फुत्कार ऐकू आल्यास भिऊ नये. तो भुकेल्या पिलांचा आवाज असतो. अंडी घातल्यापासून सुमारे तीन महिने ती जागा झाडू नये, बुजवू नये. लव असलेले पिलू खाली पडल्यास व जखमी नसल्यास पुन्हा जागेवर ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्यास टाकीत नाहीत. ब्रोमॅडिओलोनसारखे सावकाश मारणारे विष घरट्याजवळ वापरू नये. विषारी उंदीर खाऊन घुबडेही दगावतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारणे वा पकडणे हा गुन्हा आहे.

माळ्यावरचा एक कोपरा तीन महिने सोडणे हा खर्च थोडा. त्याच्या मोबदल्यात शिवाराला लाभणारा राखणदार मात्र बिनपगारी आहे.